फ्रान्समध्ये ग्रॅव्हल सायकलिंग: आधी दगड बघा, मग रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोघंही पुण्याचे, पन्नाशीच्या अलीकडचे. सिंहगड, ताम्हिणी नेहमीचं. रोज पन्नासेक किलोमीटर सलग आठवडाभर झेपतात. सप्टेंबरअखेरीस फ्रान्समध्ये दहा दिवस हाताशी आहेत. गाड्यांची वर्दळ नको, खेडी हवीत, कच्चा, खडी-मातीचा रस्ता, म्हणजे ‘ग्रॅव्हल’, चालेल. एक जण शाकाहारी, फ्रेंच दोघांनाही येत नाही. कुठे जावं, टायर कुठला, पाण्याचं आणि जेवणाचं काय, आणि अ‍ॅपने आखून दिलेल्या वाटेवर विसंबावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण उत्तर एका शब्दाचं आहे: नको. मी तुलूझमध्ये बारा वर्षं राहतोय आणि इथल्या माझ्या बहुतेक फजित्या अ‍ॅपवर विश्वास टाकल्यामुळेच झाल्या आहेत. अ‍ॅपला एवढंच कळतं की रस्ता डांबरी नाही. ‘डांबरी नाही’ याचा अर्थ लाँदच्या पाइन जंगलात चाक रुतवणारी वाळू, शँपेनमध्ये पावसानंतर बूट खेचून घेणारा पांढरा चिखल, आणि तुलूझच्या पश्चिमेला गास्कोन्यमध्ये कुंभाराच्या कामाची चिकणमाती. या गास्कोन्यात पहिल्याच वर्षी, पाऊस पडून दोन दिवस झाल्यावर, मी मोठ्या आत्मविश्वासाने एका शेतवाटेवर शिरलो. दोनशे मीटरवर फोर्क आणि टायरमधली फट चिखलाने बुजली, चाक फिरेना. पुढचे तीन किलोमीटर सायकल खांद्यावर होती. नकाशावर ती वाट अतिशय सुंदर दिसत होती, आणि खरं सांगायचं तर सुंदर होतीही.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. वाट शोधण्याआधी दगड शोधा. फ्रान्सच्या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर (पूर्वी ‘जिओपोर्ताय’, आता cartes.gouv.fr) १:२५,००० चे नकाशे फुकट बघता येतात आणि त्यावर भूगर्भाचा नकाशाही चढवता येतो. पायाखाली ग्रॅनाइट असेल तर त्याची झीज होऊन जे तयार होतं त्याला आपण मुरूम म्हणतो. पाणी खाली जिरतं, चाक वर राहतं, पाऊस थांबून तासाभरात वाट चालू लागते. चुनखडी असेल तर पाणी पुरतं आत जातं, पण वर धारदार तुकडे राहतात. टायरची बाजू कापली जाते. पाटीसारखा पापुद्र्यांचा शिस्ट असेल तर कोरड्यात मजा आणि ओल्यात साबण. चिकणमाती असेल तर ऑगस्टमध्ये या, नाहीतर येऊच नका.

तुमच्यासाठी मी जो भाग सुचवणार आहे तिथे हे पहिले तीनही दगड आठवडाभरात भेटतात: दक्षिणेचा लोझेर जिल्हा, सेव्हेनचे डोंगर आणि त्यांना लागून असलेली चुनखडीची पठारं. लोझेर हा फ्रान्सचा सर्वांत कमी वस्तीचा जिल्हा. अख्ख्या जिल्ह्यात ८० हजारांहून कमी माणसं, चौरस किलोमीटरला पंधराच्या आसपास. वर्दळ नको म्हणालात ना, तर इथे दुपारच्या वेळी तासभर एकही गाडी न दिसणं नवलाचं नाही.

माझी वाट लांगोन्यला सुरू होते आणि मियोला संपते. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पाच दिवस सायकलवर आणि एक दिवस राखीव. दोन्ही टोकांना रेल्वे आहे, हे महत्त्वाचं: लांगोन्य क्लेरमाँ-फेराँ ते नीम या मार्गावर, मियो बेझिए ते क्लेरमाँ-फेराँ मार्गावर. फेरी मारून निघालो तिथेच परत यायचा हट्ट धरू नका. या डोंगरांत फेरी म्हणजे तीच दरी दोनदा चढणं.

पहिला दीड दिवस लांगोन्यहून ला बास्तीद-पुईलोराँमार्गे ल ब्लेमारपर्यंत. हा साधारण स्टीव्हन्सनचा रस्ता. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ च्या शरद ऋतूत मोदेस्तीन नावाच्या गाढवीला घेऊन इथून चालत गेला. त्याच्या मागोमाग आता दरवर्षी हजारो लोक जातात, काही जण भाड्याचं गाढव घेऊन. पायवाट जीआर ७० या क्रमांकाने लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली आहे. ती पट्टी दिसली म्हणून सायकल घालू नका. जीआरच्या खुणा चालणाऱ्यांसाठी असतात; मध्येच पायऱ्या, ओढ्यातले दगड, नुसता ढिगारा. सायकलसाठीची खूण वेगळी, एक त्रिकोण आणि त्याला चिकटलेली दोन वर्तुळं. मी या भागात सोयीप्रमाणे जीआर घेतो आणि सोडतो. बाजूने जाणारा वनखात्याचा रस्ता असेल तर तोच.

ल ब्लेमारनंतर माँ लोझेर हा डोंगर. सुमारे १०७० मीटरवरून १५४१ मीटरच्या फिनिएल खिंडीत चढायचं आहे. डांबरी रस्ता आहे, वर जात जात दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे गोल धोंडे आणि पिवळं गवत सुरू होतं. इथल्या धुक्याला हलकं घेऊ नका. या डोंगरावरच्या काही वाड्यांमध्ये शाळा नाही, दुकान नाही, पण एक छोटा घंटेचा मनोरा आहे. हिमवादळात वाट चुकलेल्यांना आवाजाने घर सापडावं म्हणून तो बांधलेला. माथ्यावर वाटेकडेला माणसाच्या उंचीचे दगड रोवलेले दिसतील, तेही त्याचसाठी. पलीकडची उतरण मुरमाची आणि मोकळी. पाच दिवसांतला सर्वांत सुखाचा तास हाच, निदान माझ्या मते. माझ्या बायकोचं मत कोसच्या, म्हणजे पुढच्या चुनखडीच्या पठारांच्या, बाजूने पडतं.

उतरल्यावर ल पाँ-द-माँव्हेर. तार्न नदीवर कमानीचा दगडी पूल, पुलाच्या दोन्ही अंगांना घरं. २४ जुलै १७०२ च्या रात्री याच गावात प्रोटेस्टंट बंडखोरांनी आबे द्यू शायला या छळ करणाऱ्या धर्माधिकाऱ्याला ठार केलं आणि कामिझारांचं, म्हणजे सेव्हेनमधल्या या प्रोटेस्टंटांचं, बंड पेटलं. या इतिहासाचा सायकलस्वाराशी एक अनपेक्षित संबंध आहे. तो पाण्याचा, म्हणून इथेच सांगून टाकतो.

फ्रान्समध्ये पाणी भरायची हमखास जागा म्हणजे गावाबाहेरचं दफनभूमीचं आवार. थडग्यांवरच्या फुलांना घालायला तिथे जवळजवळ नेहमी नळ असतो आणि तो बहुधा गावच्या नळयोजनेचाच असतो. आपल्याला सुरुवातीला अवघड वाटतं. मलाही वाटलं होतं. आता मी नकाशावर क्रॉसची खूण शोधूनच दिवस आखतो. आवाजाचं भान ठेवा, सायकल फाटकाबाहेर लावा, बस्स. ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. पण सेव्हेनच्या दऱ्यांमध्ये ही युक्ती कधी कधी फसते. प्रोटेस्टंटांना कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली गेली, म्हणून त्यांनी आपली माणसं स्वतःच्या शेतात, घराशेजारी पुरली. आजही वाटेकडेला दोन-तीन सरूच्या झाडांखाली एखाद्या घराण्याची थडगी दिसतात. तिथे नळ नसतो. दोन मोठ्या बाटल्या गावातच भरून निघा.

ल पाँ-द-माँव्हेरहून बुजेस डोंगराच्या जंगलातून कासान्यासकडे उतरा. इथे दगड बदललेला टायरला कळतो, डोळ्यांना नंतर. शिस्ट आहे. ओला असेल तर वळणावर पुढचा ब्रेक विसरा. खाली मिमांत नदीच्या काठाने जुन्या रेल्वेचा मार्ग मिळतो. १९०९ मध्ये सुरू झालेली ती छोटी रेल्वे १९६८ मध्ये बंद पडली. रूळ गेले, सपाट वाट राहिली. बोगदे आहेत, दिवा हाताशी ठेवा. फ्लोराकपर्यंत पंधराएक किलोमीटर सावलीतून हलका उतार. दोन दिवसांच्या चढाचं व्याज वसूल.

आता कोस. फ्रेंचमध्ये या पठारांना ‘कोस’ म्हणतात आणि मराठी कानाला तो शब्द अगदी बरोबर वाटतो, कारण इथे अंतर संपत नाही. फ्लोराकहून साडेचारशे-पाचशे मीटर चढून कोस मेजाँवर आलात की झाडं जवळजवळ संपतात. चौरस किलोमीटरला दोन माणसंही नाहीत. गवत, दगड, आभाळ, आणि खोलगट जागी साचलेल्या लाल मातीचे गोल तुकडे, तेवढ्यावरच शेती. जुन्या घरांची छपरंसुद्धा दगडी कमानींवर पेललेली, कारण तुळयांना लाकूड नव्हतं. वाडीजवळ फरसबंदीचं गोल तळं दिसेल, त्याला ‘लाव्होन्य’ म्हणतात. ते मेंढरांसाठी आहे. कितीही तहान लागली तरी त्यात बाटली बुडवू नका. पठारावर ओढा नाही, झरा नाही. पडलेलं सगळं पाणी चुनखडीतून खाली जातं आणि पाचशे मीटर खालच्या दरीत बाहेर येतं. मी प्रत्येकी तीन लिटर घेतो. एका वर्षी दोन घेतलं होतं, दुपारी एका मेंढपाळाच्या दारात जाऊन मागावं लागलं. त्याने पाणी दिलं, वर खुर्ची दिली, आणि सायकलीकडे बघून माझ्या वयाची चौकशी केली.

या पठारांवरची मेंढपाळी इतकी जुनी आणि इतकी जिवंत आहे की २०११ मध्ये युनेस्कोने कोस आणि सेव्हेनला जागतिक वारशात घेतलं ते मुख्यतः त्यासाठी. कळप वर नेण्याच्या वाटांना ‘द्राय’ म्हणतात. आपल्या धनगरांच्या वाटांसारख्याच त्या उगाच वळत नाहीत, सरळ कण्यावरून जातात. काही सायकलला उत्तम, काही हातात सायकल धरून. कुंपणाचं फाटक उघडलंत तर लावा, उघडंच असेल तर उघडंच ठेवा. कळपाबरोबर मोठा पांढरा ‘पातू’ कुत्रा असेल तर सायकलवरून खाली उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा, कळपाला लांबून वळसा घाला. पळू नका, काठी उगारू नका, लाडही करू नका. तो लांडग्यापासून राखण करतो, आणि चाकावरून सुसाट येणारा प्राणी त्याच्या लेखी लांडग्याहून फारसा वेगळा नाही.

मेजाँच्या माथ्यावर ल व्हिलारे नावाची वाडी आहे. तिथे १९९३ पासून मंगोलियाच्या रानटी घोड्यांचा, प्रेवाल्स्कींचा, एक कळप मोठ्या कुंपणात राखलेला आहे; वाटेवरून दिसतो. आणि वर बघत राहा. झोंत नदीच्या कड्यांवर १९८१ पासून गिधाडं पुन्हा सोडली गेली, आता ती डोक्यावरून घिरट्या घालतात. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडं गेली तेव्हा मी शाळेत होतो. इथे पहिल्यांदा एकदम वीस-पंचवीस पाहिली आणि सायकल आडवी टाकून बसून राहिलो. त्या दिवशी मुक्कामाला अंधार पडल्यावर पोचलो.

पठाराच्या पूर्व कडेला पेर्जुरे खिंड आहे, १०२८ मीटर. डांबरी उतार, वळणं फसवी. १० जुलै १९६० रोजी टूर द फ्रान्समध्ये रॉजे रिव्हिएर हा इथेच कठडा ओलांडून दरीत पडला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. रस्त्याकडेला त्याचं स्मारक आहे. सामान लादलेल्या सायकलीने हा उतार घेताना ते स्मारक आधी बघितलेलं बरं.

खाली मेरुएस, मुक्काम. शेवटच्या दिवशी पुन्हा चढून कोस न्वारवर. नाव ‘काळं पठार’, कारण पाइनची दाट जंगलं. वाटा मऊ, सावली भरपूर, मग माँपेलिए-ल-व्हिय इथलं झिजलेल्या खडकांचं रान आणि एकदम मियोची दरी, पलीकडे २००४ चा तो उंच पूल. हा दिवस मी मुद्दाम शेवटी ठेवतो. चार दिवसांनी पाय थकलेले असतात आणि ही वाट दमवत नाही.

टायरबद्दल वाद घालायला लोकांना आवडतं. मी घालत नाही. ४५ मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, बाजू जाड असलेले. ४० वर भागेल, पण चुनखडीवर दोघांपैकी एकाची बाजू फाटेल. साधारण सत्तर किलो वजन आणि हलकं सामान असेल तर हवेचा दाब मागे ३४, पुढे ३१ पीएसआयपासून सुरू करा. एक जुनी ट्यूब, फाटलेल्या जागी आतून लावायला टायरचा छोटा तुकडा, सुई-दोरा. मी एकदा दह्याच्या डब्याचं झाकण आत लावून पंचवीस किलोमीटर गेलो आहे. गिअर सर्वांत हलका एकास एकपेक्षाही हलका हवा, म्हणजे मागची दातेरी चकती पुढच्यापेक्षा मोठी. पुण्याच्या सायकली इथे बहुधा याच बाबतीत कमी पडतात. सिंहगडला सायकलवर सामान नसतं.

पाऊस. सप्टेंबरअखेर हा सुंदर काळ आहे आणि धोक्याचाही. भूमध्य समुद्रावरची उबदार, ओली हवा सेव्हेनला धडकते आणि काही तासांत ढग रिकामे होतात. १९ सप्टेंबर २०२० रोजी माँ एगुआल डोंगराच्या पायथ्याच्या व्हालरोग परिसरात एका दिवसात ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त पडला. २६ जुलै ज्याने मुंबईत पाहिला त्याला याहून समजावायला नको. रोज सकाळी मेतेओ-फ्रान्सचा, म्हणजे तिथल्या हवामानखात्याचा, सावधानतेचा नकाशा बघा. जिल्हा नारिंगी असेल तर राखीव दिवस तिथेच खर्च करा. ओढ्याकाठच्या वाटा आणि पुरात पाण्याखाली जाणारे पूल तर नकोच. राखीव दिवस दर्शनासाठी नाही, यासाठी आहे.

सप्टेंबरमध्ये शिकारही सुरू होते, आणि रानडुकरांसाठी हाकारे शनिवार-रविवारी जास्त. ‘शास आँ कूर’ लिहिलेली पाटी दिसली तर शिकार चालू आहे. भडक नारिंगी जॅकेट घाला, बोलत जा, शिकारी दिसला तर थांबून बाँजूर म्हणा, तोच पुढची वाट सांगतो. तसंही गावाबाहेर रात्री किंवा कमी उजेडात सायकलस्वाराला परावर्तक जॅकेट कायद्याने सक्तीचं आहे.

खासगी वाटेचा प्रश्न नाजूक. ‘शमाँ र्‍युराल’ ही गावची वाट, सर्वांना खुली. पण शेत एकत्र करताना आखलेल्या, नकाशावर तशाच दिसणाऱ्या कित्येक वाटा शेतकऱ्यांच्या सामायिक मालकीच्या असतात. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ पाटी असेल तर परत फिरा. २०२३ च्या कायद्यानंतर अशी पाटी ओलांडणं दंडाचं काम आहे, १३५ युरो. जंगलात आडवा लोखंडी दांडा मात्र बहुधा मोटारींसाठी असतो. शेजारची पाटी वाचा आणि सायकलला मनाई नसेल तर बाजूने जा.

जेवण. इथे घड्याळ माणसाहून मोठं आहे. बारा ते दीड जेवण मिळतं. पावणेदोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, आणि कितीही गोड हसलात तरी बंदच. दुकानं दुपारी मिटतात, रविवार दुपारपासून बरीच गावं मुकी होतात, बेकरी अनेक ठिकाणी सोमवारी बंद. म्हणून मेरुएस किंवा फ्लोराक अशा मोठ्या गावातून निघताना एका जेवणाचं सामान पिशवीत असलंच पाहिजे. शाकाहारी व्यक्तीने नुसतं ‘व्हेजेटारिएन’ म्हणून थांबू नये. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे येतात, हिरव्या मसुरातही येतात, आणि वाढणाऱ्याच्या मते ती चव असते, मांस नव्हे. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ, साँ लार्दाँ’ हे तीन तुकडे पाठ करा: मांस नको, मासे नकोत, ते तुकडे नकोत. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोनवर कळवा. बटाटा आणि ताज्या चीजचं, दोरीसारखं ताणलं जाणारं ‘आलिगो’ मागा. दिवसभर चढल्यावर त्याच्यासारखं दुसरं नाही. चीजबद्दल एक सांगायला हवं: रोकफोरसह इथली बरीच पारंपरिक चीजं जनावराच्या पोटातल्या विरजणाने, रेनेटने, गोठवलेली असतात. तुमच्याकडे ते चालतं की नाही हे घरूनच ठरवून या. पुण्याहून शेंगदाण्याची चटणी जरूर आणा. पेढे, खवा नको, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

मुक्काम गावातल्या ‘झीत देताप’मध्ये करा: सामायिक खोली, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. ऑक्टोबर लागला की काही बंद होऊ लागतात, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळवा. ‘अक्यय व्हेलो’ ही पाटी असेल तर सायकल ठेवायला बंद जागा आणि थोडीफार हत्यारं मिळतात. राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात तंबूचे नियम कडक आहेत, त्या भानगडीत पडू नका.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर सोपा पर्यायही आहे: माझामे ते बेदारिए, सुमारे ८० किलोमीटरचा ‘पासा पाइस’. जुन्या रेल्वेची वाट, बारीक खडी, चढ नावालाच, मधे ओलार्गसारखं नदीच्या वळणावरचं जुनं गाव. दोन-तीन दिवस रमतगमत. कनाल द्यू मिदी या कालव्याची वाट मात्र तुमच्यासाठी नाही, असं स्पष्टच सांगतो. १६८१ मध्ये पूर्ण झालेलं ते काम थोर आहे, पण काठाने जाताना दिवसभर एकच दृश्य, झाडांच्या मुळांचे दणके, आणि रोगामुळे हजारो प्लेन वृक्ष तोडलेले असल्याने बरेच पट्टे उन्हात.

रेल्वेचं शेवटी. दोन्ही मार्ग एकेरी रुळांचे, वळणावळणांचे, गाड्या मोजक्या, सायकलच्या जागा त्याहून मोजक्या. दुरुस्तीमुळे कधी कधी गाडीऐवजी बस सुटते आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी वेळापत्रक बघा. मियोहून सकाळची गाडी धरणार असाल तर आदल्या रात्री स्टेशनजवळच राहा. गाव उतारावर आहे हे खरं, पण कोस न्वारवरून शेवटच्या क्षणी उतरून गाडी गाठण्याचा बेत मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा फलाटावरून गाडीची पाठ पाहिली.